तीस टक्क्यांवर अडकलेलं अपडेट

मायक्रोसॉफ्टचा ठरलेला दिवस म्हणजे महिन्यातला दुसरा मंगळवार. ऑक्टोबर २००३पासून विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्त्या नेमाने त्याच दिवशी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून इकडच्या बहुतेक लॅपटॉपना ते अपडेट बुधवारी किंवा त्यानंतर गाठतं. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं असतं, टॅली उघडायची घाई असते, नाहीतर परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस असतो. आणि पडद्यावर फिरणारे ठिपके, खाली सूचना: अपडेटचं काम सुरू आहे, ३० टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका. पंधरा मिनिटं जातात, अर्धा तास जातो. आकडा तीसच.

इथे हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो. मग कॉम्प्युटर नीट सुरू झाला नाही की तो दुरुस्तीच्या दुकानात पोहोचतो, आणि तिथे पुष्कळदा एकच वाक्य ऐकू येतं: ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ लग्नाचे फोटो, पाच वर्षांचे हिशेब, अर्धा लिहिलेला प्रबंध अशा वेळी जातात, आणि त्यातला बराचसा भाग वाचवता आला असता. अपडेट अडकल्यामुळे फाइली सहसा जात नाहीत. त्या जातात नंतरच्या घाईत.

त्या तीस टक्क्यांमागे काय चाललेलं असतं ते आधी पाहू. विंडोज चालू असताना तिच्या शेकडो फाइली वापरात असतात, आणि वापरातली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. घरात माणसं वावरत असताना फरशी उखडता येत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून नव्या फाइली आधी बाजूला आणून ठेवल्या जातात आणि खरी अदलाबदल रिस्टार्टच्या वेळी, बाकी सगळं थांबलेलं असताना होते. दरमहाच्या छोट्या अपडेटला हे थोडक्यात आटोपतं. वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट म्हणजे विंडोजची अख्खी आवृत्ती बदलणं. ते चार टप्प्यांत होतं. पहिला टप्पा जुन्या विंडोजमध्येच पार पडतो. दुसरा एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये. मग नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन ड्रायव्हर बसवते, आणि शेवटच्या टप्प्यात सेटिंग्ज जागेवर येतात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर काही बिघडलं, तर आल्या पावली मागे फिरण्याची सोय रचनेतच ठेवलेली आहे. जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपलेली असते आणि सर्वसाधारणपणे दहा दिवस तिच्याकडे परतता येतं.

पडद्यावरचा टक्का वेळ मोजत नाही, कामाचे टप्पे मोजतो. एका टप्प्यात चार फाइली हलतात, दुसऱ्यात चाळीस हजार. म्हणून आकडा कधी पाचावरून वीसवर उडी मारतो, तर कधी एकाच जागी तासभर बसतो. मायक्रोसॉफ्टने एवढ्या वर्षांत या पडद्यावर ‘आत्ता अमुक काम चालू आहे’ अशी एक ओळ घालायला हवी होती. लोकांना अंधारात ठेवून ‘बंद करू नका’ म्हणणं पुरेसं नाही.

तर मग कॉम्प्युटर खरोखर अडकलाय की मुकाट्याने काम करतोय, हे ओळखायचं कसं? डेस्कटॉपवर आणि काही जुन्या लॅपटॉपवर हार्डडिस्कचा छोटा दिवा असतो. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर आत हालचाल आहे. दिवा नसेल तर कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहावं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र निदान कीबोर्डला उत्तर देतंय. पंख्याचा आवाज वर-खाली होणं, जुन्या हार्डडिस्कची बारीक खरखर, याही जिवंतपणाच्या खुणा. उलट फिरणारे ठिपके मध्येच गोठलेले, कॅप्स लॉक मुका आणि दिवा निपचित असेल, तर शंकेला जागा आहे.

तरीही घाई नको. एसएसडी असलेल्या कॉम्प्युटरला दरमहाच्या अपडेटसाठी दोन तास द्यावेत. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क असेल आणि अपडेट मोठं असेल, तर रात्रभर राहू द्यावं. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. डेस्कटॉपला यूपीएस असला तरी तो काही मिनिटंच तग धरतो, हेही विसरू नये. पुण्यात महावितरण देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवते. तिथल्या डेस्कटॉपवाल्यांनी मोठं अपडेट बुधवारी रात्री सुरू न केलेलंच बरं.

एवढं थांबूनही हालचाल नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबावीत. कधीकधी अपडेट संपलेलं असतं आणि फक्त पडदा पुढे सरकलेला नसतो. मग लॉगिनची खिडकी उघडते. नाहीच उघडली तर पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, प्रिंटर, मेमरी कार्ड असं जे जे जोडलेलं असेल ते काढावं. यामागे अनुभव आहे. २०१९ साली विंडोज १०ची १९०३ क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हा यूएसबी उपकरण किंवा एसडी कार्ड लावलेल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टने ते अपडेट मुद्दाम रोखून धरलं होतं. अपडेट होताना ड्राइव्हची अक्षरं बदलण्याची भीती होती.

आता पॉवरचं बटण. ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं, यंत्र पूर्ण बंद झाल्यावर थोडं थांबून सुरू करावं. पुष्कळदा विंडोज स्वतःच ओळखते की काम अर्ध्यावर राहिलंय, ‘बदल पूर्ववत करत आहोत’ असं सांगते आणि जुन्या स्थितीला येते. हे पूर्ववत करणंही वेळखाऊ असतं. कित्येकजण इथेच दुसऱ्यांदा बटण दाबतात, आणि परत येण्याची वाट स्वतःच तोडतात. या घडीला तरी यंत्राला मोकळीक द्यावी.

सुरू होण्याचा प्रयत्न सलग दोन-तीनदा फसला, की विंडोज निळ्या पडद्यावर दुरुस्तीचा विभाग आपणहून उघडते. त्यात ‘ट्रबलशूट’ आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडलं की खरी हत्यारं हाती येतात. सगळ्यात आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. त्याने भागलं नाही तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. दरमहाचं अपडेट अडलं असेल तर ‘क्वालिटी’, मोठी आवृत्ती अडली असेल तर ‘फीचर’ निवडायचं. यात वैयक्तिक फाइलींना हात लागत नाही. तिसरा मार्ग सेफ मोडचा: मोजके ड्रायव्हर घेऊन विंडोज उघडते, आणि निदान फाइली दुसरीकडे उतरवून घेता येतात.

याच टप्प्यावर एक अडथळा अनेकांना बेसावध गाठतो. पडदा अचानक ४८ आकडी किल्ली मागतो. ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची किल्ली. जुलै २०२४च्या अपडेटनंतर काही कॉम्प्युटर सुरू होतानाच ती मागू लागले होते, आणि कित्येकांना आपल्या यंत्राला असं काही कुलूप आहे हेच तेव्हा कळलं. नव्या विंडोज ११मध्ये हे कुलूप बऱ्याचदा मालकाला न विचारताच लागलेलं असतं. किल्ली सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल, तर मालकाची खरी पंचाईत होते.

यंत्र पुन्हा उघडलं म्हणजे काम संपलं असं नाही. तेच अपडेट आज ना उद्या परत येणार, म्हणून ते का अडलं हे शोधायला हवं. पहिला संशय जागेचा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर मोठ्या आवृत्तीला पाय ठेवायला जागा उरत नाही. वीसेक जीबी मोकळी असलेली बरी. दुसरा संशय उतरवून घेतलेल्या फाइलींवर. इंटरनेट मध्येच तुटलं तर त्या खराब उतरतात. विंडोज अपडेटची सेवा थोडा वेळ थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरमधला माल काढून टाकला, की सगळं नव्याने उतरतं. खुद्द विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून दोन आज्ञा चालवतात, आधी डिसम आणि मग एसएफसी. पहिली दुरुस्तीचा कच्चा माल ठीक करते, दुसरी तो वापरते. जुने ड्रायव्हर आणि बाहेरून घातलेला अँटिव्हायरस हेही नेहमीचे संशयित. आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर अपडेटचा विचार बाजूला ठेवून आधी फाइली उतरवून घ्याव्यात. ती डिस्क फार दिवस सोबत करणार नाही.

कधीकधी मात्र वापरणाऱ्याचा काडीचाही दोष नसतो, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधल्या त्रुटींवर घाईने आणलेल्या दुरुस्तीमुळे एएमडीचे प्रोसेसर असलेले काही जुने कॉम्प्युटर सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टला त्यांच्यापुरतं ते अपडेट थांबवावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १०च्या नव्या आवृत्तीने काही लोकांच्या फाइलीच पुसल्या. ती चार दिवसांत मागे घेतली गेली आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त होऊन परत आली. जानेवारी २०२४मध्ये तर लाखमोलाचा वेळ एका गूढ आकड्यामागे गेला. अपडेट पुन्हापुन्हा फसायचं आणि ०एक्स८००७०६४३ अशी चूक दाखवायचं. मूळ कारण एवढंच, की दुरुस्तीसाठी राखलेल्या छोट्या विभागात २५० एमबी मोकळी जागा नव्हती. तो विभाग विंडोजनेच कधीकाळी बनवलेला, सामान्य माणसाला न दिसणारा. तो वाढवायचा कसा, याची कमांड प्रॉम्प्टवरची लांबलचक कृती मात्र मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांच्या हाती ठेवली. शाळेतल्या शिक्षिकेने किंवा किराणा दुकानदाराने ती करावी ही अपेक्षाच अन्यायाची होती. म्हणून अपडेट सतत एकाच आकड्यावर फसत असेल तर तो आकडा लिहून घ्यावा आणि त्या महिन्यात इतरांनाही तोच त्रास होतोय का ते आधी पाहावं.

अँड्रॉइड फोन हे दुखणं कसं टाळतात, हे पाहण्यासारखं आहे. २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून अनेक फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आहे. एक वापरात असताना अपडेट दुसरीवर चढतं, आणि रिस्टार्टला फोन नव्या प्रतीवर उडी घेतो. नवी चाललीच नाही तर जुनी तयार असते. विंडोजला असंख्य कंपन्यांची यंत्रं आणि जुनी सॉफ्टवेअर सांभाळायची असतात. तिथे ही व्यवस्था अजून घरगुती कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलेली नाही.

एवढा ताप असेल तर अपडेट कायमचं बंद करून टाकू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी २०१७ आठवावं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला एका भगदाडावर दुरुस्ती दिली. १२ मे रोजी त्याच भगदाडातून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम शिरला आणि ब्रिटनच्या रुग्णालयांपासून जगभर कॉम्प्युटर ओलीस धरले गेले. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा घातक प्रोग्राम आला, तोही इतर वाटांबरोबर त्याच वाटेने पसरला, आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचला. तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. दुरुस्ती तीन महिन्यांपूर्वीच आलेली होती.

फॉरमॅटची पाळी खरंच आली, तरी आधी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइली उतरवून घेणं. बिटलॉकर असेल तर इथेही ती किल्ली लागते. दुसरी, विंडोज अजून उघडत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर नवी विंडोज घ्यायची आणि चालू विंडोजमधूनच फाइली व ॲप राखण्याचा पर्याय निवडून ती वरून बसवायची. वेळ फॉरमॅटपेक्षा जास्त लागतो, म्हणून दुकानात तो आपणहून कुणी सुचवत नाही. मागितला तर बहुतेक तंत्रज्ञ करून देतात.

यंत्र धड असतानाच करून ठेवण्यासारखी कामं थोडीच आहेत. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ला दुकानाची किंवा अभ्यासाची वेळ भरली की त्या तासांत विंडोज आपणहून रिस्टार्ट होत नाही, ही मुदत अठरा तासांपर्यंत ठेवता येते. महत्त्वाच्या कामाचा आठवडा असेल तर अपडेट तात्पुरतं थांबवता येतं, पाच आठवड्यांपर्यंत. महिन्यातून एकदा कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी. आणि बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावून टाकावी.