नवे खेळयंत्र घ्यावे की जुनेच राखावे?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडलो, तोच एका माउलीने आम्हांस वाटेत थांबविले. तिचे यजमान बोटीवर नोकरीस आहेत. काही वर्षांपूर्वी रजेवर येताना त्यांनी मुलासाठी निन्टेंडो स्विच नावाचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. आता त्याचा नवा अवतार निघाला आहे आणि चौदा वर्षांचा चिरंजीव तोच हवा म्हणून हटून बसला आहे. "फादर, काजूच्या बिया विकून चार पैसे जमले आहेत, ते यात घालावेत का? तुम्हीच सांगा," असे तिने विचारले.

वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. वाळपईत आणि आसपासच्या वाड्यांवर ज्यांचे कोणी आखातात वा जहाजावर आहे, अशा अनेक घरांत तो उद्या निघेल. म्हणून आम्ही जरा चौकशी केली.

पहिला स्विच २०१७ च्या मार्चमध्ये निघाला व जगभरात पंधरा कोटींहून अधिक विकला गेला. स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी आला. जुन्याचा पडदा ६.२ इंचांचा, नव्याचा ७.९ इंचांचा व अधिक रेखीव. जुन्यात साठवणीची जागा ३२ जीबी, नव्यात २५६. यंत्राचा वेगही बराच वाढला आहे. जुने बहुतेक गेम नव्यावर चालतात. परंतु नव्यासाठीच केलेले गेम जुन्यावर चालत नाहीत. ही नव्याची खरी जमेची बाजू होय.

आता दुसरे पारडे पाहू. अमेरिकेत पहिला स्विच निघाला तेव्हा त्याची किंमत ३०० डॉलर होती. स्विच २ निघाला तो ४५० डॉलरला. भारतात कंपनीने त्याची अधिकृत विक्री सुरू केली नाही. त्यामुळे तो बाहेरून आणावा लागतो, आणि बिघडला तर दाद कोणाकडे मागावी हा प्रश्न उरतो. जुने साठवणीचे कार्ड नव्यात गेमसाठी चालत नाही. निराळ्या जातीचे महाग कार्ड घ्यावे लागते. वजनही सुमारे ४०० ग्रॅमवरून ५३५ वर गेले आहे. आणि पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या आमच्या सत्तरीने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे बॅटरी. २०१९ च्या मध्यानंतर निघालेला जुना स्विच एकदा चार्ज केल्यावर साडेचार ते नऊ तास चालतो. नवा मात्र दोन ते साडेसहा तास.

नवे ते सारे सरस, असा नियम नाही. याच कंपनीने १९८९ मध्ये गेम बॉय काढला. त्याचा पडदा फिका, बिनरंगी आणि बिनउजेडाचा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गियर आणला. परंतु त्यास सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी अधिक वेळ चाले व स्वस्तही पडे. लोकांनी गेम बॉयच उचलला. त्याचे जनक गुनपेई योकोई यांचे धोरणच असे होते की, जुने, स्वस्त व पारखलेले साहित्य घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा.

त्या मुलास आम्ही जवळ बसविले व विचारले, "बाळ, तुला खेळायच्या पाच गेमांची नावे सांग." त्याने सांगितली. त्यांतील तीन जुन्यावरही चालतात. मारिओ कार्ट वर्ल्ड आणि डाँकी काँग बनांझा हे दोन मात्र फक्त नव्यावर. मग तो हळूच म्हणाला, "फादर, जुना धाकटीला मिळेल ना!" युक्तिवाद खोटा नव्हता. आम्ही म्हटले, "त्याला दोन बाजूंस दोन कंट्रोलर कशासाठी दिले आहेत? दोघांनी मिळून खेळावे म्हणून. डॅडी घरी येतात तेव्हा तू कोणाबरोबर खेळतोस?" तो काही बोलला नाही, पण त्याचे डोळे भरून आले. यंत्राच्या हट्टामागे काय दडले होते, ते त्याच्या आईस व आम्हांस तेव्हा उमगले.

आमचे मत असे. ज्याच्या घरी जुना धडधाकट आहे, त्याने तो राखावा. कंट्रोलरची काडी आपोआप सरकू लागली वा बॅटरी मंदावली, तर आधी दुरुस्ती पाहावी. ज्याच्याकडे काहीच नाही आणि ऐपत आहे, त्याने नवा घेतला तर दोन्ही काळचे गेम मिळतील. ऐपत बेताची असेल तर चांगल्या स्थितीतला जुना तपासून घ्यावा. कर्ज काढून मात्र कोणताही घेऊ नये. खेळाच्या वेळेस मर्यादा घालण्याची सोय दोन्हींत आहे. आईबापांनी ती मोबाइलवरून लावून ठेवावी.

त्या माउलीने पैसे तूर्त बाजूस ठेवले आहेत. नाताळात यजमान घरी येतील, तेव्हा चौघे बसून ठरवतील. तोवर धाकटीने एक कंट्रोलर हाती घेतला आहे, आणि ती भावाला हरवते, अशी वार्ता आमच्या कानी आली आहे.