ब्रेकच नाही, तर बचत कुठली?

हायब्रीड गाडी घेतली की पहिले काही महिने जो भेटेल तो एकच विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रीडचा कागदावरचा आकडा आहे लिटरला 27.97 किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर तो दिसेना झाला की कंपनीच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं.

तो आकडा येतो कुठून? पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चढउतारांनी साधारण 20 मिनिटं पळवतात. वेग ताशी 90च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात एसी बंद ठेवणारा हायब्रीडमालक मला तरी भेटलेला नाही. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. सिग्नलला इंजिन बंद असलं तरी बॅटरी उतरत राहते आणि ती भरायला उभ्या गाडीत इंजिन पुन्हा सुरू होतं.

खरी मेख मात्र महामार्गावर आहे. हायब्रीडची मोठी कमाई ब्रेकमधून होते. 1300 किलोची गाडी ताशी 60 वरून थांबते तेव्हा सुमारे 180 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. साध्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. इथे मोटर जनरेटर होऊन तिचा बराच भाग बॅटरीत भरते. पण तासभर ब्रेकला पायच लागला नाही, तर परत काय मिळणार? शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80च्या जागी 110 धरले की तो जवळजवळ दुप्पट होतो.

बोरघाट उतरताना तरी फुकटात चार्जिंग? गाडी सुमारे 550 मीटर खाली येते, म्हणजे हिशेबाने जवळपास दोन युनिट ऊर्जा. घर्षणात जाईल ते जाईल, पण बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, आणि तीही काठोकाठ भरू देत नाहीत. ती भरली की इंजिन पेट्रोलशिवायच घरघरू लागतं. उरलेली ऊर्जा जिरवायची ती सोय. नवखे मालक त्या आवाजाने दचकतात.

अमेरिकेत हे दुखणं आधीच निघालं होतं. 2008च्या मॉडेलांपासून तिथल्या पर्यावरण संस्थेने जास्त वेग, एसी आणि कडाक्याची थंडी हिशेबात धरली. टोयोटा प्रिअसचा शहरातला आकडा गॅलनला 60 मैलांवरून 48वर आला, महामार्गावरचा 51 वरून 45वर. गाडी तीच होती. उतरल्यावरही शहराचाच आकडा वरचढ राहिला, हे लक्षात घ्या. रोज हिंजवडीच्या गर्दीत रखडणाऱ्याला म्हणूनच हायब्रीड परवडते. ज्याचं निम्मं रनिंग पुणे-कोल्हापूर रस्त्यावर आहे, त्याने जास्तीचे पैसे मोजण्याआधी साध्या पेट्रोल गाडीचीही एक लांब चक्कर मारून पाहावी.