टाके घातलेली कुत्री

अहिल्यानगरच्या रस्त्यावर कानाचे टोक छाटलेले कुत्रे दिसले, तर ते भांडून आलेले असेलच असे नाही. नसबंदीची ती खूण असते. मादीचे पोट उघडून अंडाशय काढतात, रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधतात. दुसऱ्याच दिवशी ती उड्या मारू लागते. मित्रांनो, धोका इथेच! आतली गाठ सुटली तर रक्त पोटातच साचते, बाहेर थेंबही दिसत नाही. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, की तडक पशुवैद्यकाकडे न्या. भूल पुरती उतरेपर्यंत पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल. नगरच्या थंडीत खाली पोते अंथरा. चाटल्याने जखम भरते म्हणतात. खरे तर जंतू शिरतात, टाके उसवतात. म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर! आंघोळ दहा-चौदा दिवसांनी, जखम भरल्यावरच.