आभासी संगणकात खरा पेनड्राइव्ह

लिनक्सचा किंवा विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह तयार केला की तो चालतो का, हे पाहायला बहुतेक जण चालू कामे बंद करून संगणक रीस्टार्ट करतात आणि एफ१२ किंवा डिलीटची कळ दाबत बसतात. त्यापेक्षा चालू संगणकातच आभासी संगणक तयार करून तो थेट पेनड्राइव्हवरून सुरू करणे शहाणपणाचे. मात्र ‘आभासी म्हणजे निर्धोक’ ही समजूत या एका कामापुरती बाजूला ठेवावी लागते, आणि त्याचे कारण या युक्तीच्या रचनेतच आहे. आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामच्या बूटक्रमात फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क आणि नेटवर्क एवढेच पर्याय दिसतात (फ्लॉपी अजून आहे, यूएसबी नाही!). म्हणून व्हीबॉक्समॅनेज या आज्ञेने एक छोटी व्हीएमडीके फाईल तयार करतात. एरवी अशा फाईलमध्ये अख्खी आभासी डिस्क साठवलेली असते. हिच्यात फक्त खऱ्या डिस्कचा पत्ता असतो. ती जोडली की आभासी संगणक पेनड्राइव्हलाच आपली हार्ड डिस्क समजतो. विंडोजवर यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि ते उगाच मागितलेले नाहीत.

पत्ता म्हणून द्यायचा असतो तो डिस्कचा क्रमांक. शून्य क्रमांकावर सहसा संगणकाची स्वतःची डिस्क असते, पेनड्राइव्हला पुढचा एखादा क्रमांक मिळतो, आणि तो काढून पुन्हा लावल्यावर बदलूही शकतो. चुकीचा आकडा टाकून आत इन्स्टॉलेशन सुरू केले, तर पुसली जाईल ती खरी डिस्क. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये क्रमांकाबरोबर आकारमानही जुळवून पाहावे. दुसरा धोका अधिक छुपा आहे: बाहेरची आणि आतली अशा दोन्ही प्रणाली एकाच पेनड्राइव्हवर एकमेकींच्या नकळत लिहू लागल्या, तर फाईल सिस्टीम बिघडते. विंडोजमध्ये त्याचे ड्राइव्ह-अक्षर आधी काढावे, लिनक्समध्ये तो अनमाउंट करावा. क्यूएमयू हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना ‘स्नॅपशॉट’ हा पर्याय आहे. त्यात आतले सगळे लेखन तात्पुरत्या फाईलमध्ये जाते आणि पेनड्राइव्ह जसाच्या तसा राहतो. नुसती तपासणी करायची असेल, तर माझे मत निःसंशय याच्याच बाजूने.

एवढा खटाटोप कशाला, आयएसओ फाईलच आभासी संगणकाला जोडावी, असे कोणी म्हणेल. नवी प्रणाली नुसती पाहायची असेल तर ते खरेच पुरेसे आहे. पण त्यातून तपासली जाते ती फाईल. पेनड्राइव्हवर ती नीट उतरली का, एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवू देणाऱ्या व्हेंटॉयचा मेनू येतो का, मागच्या वेळी साठवलेल्या गोष्टी टिकल्या का, हे कळत नाही. याहून वजनदार आक्षेप असा, की इथे चाललेला पेनड्राइव्ह खऱ्या संगणकावर चालेलच असे नाही. हे मान्यच करायला हवे. आभासी संगणकाला वायफाय कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड वेगळेच दिसते, सिक्युअर बूटची अटही बहुधा आड येत नाही. उलटही घडते: रुफस या प्रोग्रामने फक्त यूईएफआयसाठी बनवलेला पेनड्राइव्ह आभासी संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या बायोसवर उठत नाही, आणि दोष मात्र पेनड्राइव्हला दिला जातो. आधी सेटिंगमध्ये ईएफआयची खूण करून पाहावे. गोपनीयतेसाठी बनवलेल्या टेल्ससारख्या प्रणालीच्या बाबतीत मात्र हा मार्ग केवळ ओळख करून घेण्यापुरताच ठेवावा. आत टंकलेले प्रत्येक अक्षर बाहेरच्या प्रणालीतूनच जाते. ती पाळत ठेवणारी असेल, तर आतली कितीही सावध असून उपयोग नाही.