सूर्यप्रकाशाविना फुललेली जीवसृष्टी

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यावरच सर्व प्राणिमात्रांचे जीवन अवलंबून असते, असे विद्यार्थ्यांना शाळेत शिकविले जाते. १९७७ साली पॅसिफिक महासागरात लागलेल्या एका शोधाने या नियमाला मोठा अपवाद दाखवून दिला.

त्या वर्षी गॅलापागोस बेटांजवळ ‘आल्विन’ या पाणबुडीतून अमेरिकी भूवैज्ञानिक सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरले. समुद्रतळावरील उष्ण झरे शोधणे हा त्यांचा हेतू होता. झरे तर सापडलेच. परंतु त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे आणि कृमी यांची दाट वस्तीही आढळली. त्या गडद अंधारात एवढी जीवसृष्टी कोणालाच अपेक्षित नव्हती.

अन्न येते कोठून?

समुद्रतळाच्या भेगांतून झिरपलेले पाणी तप्त खडकांमुळे तापते आणि खनिजे व हायड्रोजन सल्फाइड घेऊन वर येते. काही मुखांशी त्याचे तापमान ३५० अंश सेल्सिअसहून अधिक असते; प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. हे पाणी थंड सागरजलात मिसळते, तेथे प्राणी राहतात. सल्फाइड बहुतेक प्राण्यांना विषारी असते. येथील जीवाणू मात्र त्यातील रासायनिक ऊर्जेवर अन्न तयार करतात. दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या नळीकृमीला तोंड नाही आणि पचननलिकाही नाही. त्याचे लाल रक्त प्राणवायू व सल्फाइड शरीरातील जीवाणूंना पोचविते आणि ते जीवाणू त्याचे पोषण करतात. हा प्राणवायू मात्र मुळात वनस्पती व शैवाले यांनीच निर्माण केलेला असतो. सूर्याशी असलेले नाते येथेही पूर्णपणे तुटलेले नाही.

हिंदी महासागरातील झरे

हिंदी महासागरातही असे झरे आहेत. तेथे २००१ मध्ये पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय आढळली. समुद्रतळावरील संभाव्य खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त म्हणून करण्यात आली. कारण या झऱ्यांभोवती तांबे, जस्त आदी धातूंची सल्फाइडे साचतात. त्यांच्या शोधासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी अशा एका जिवंत झऱ्याचे छायाचित्र घेतले.

या धातूंचे मोल देशाच्या दृष्टीने मोठे आहे, यात शंका नाही. परंतु अशा झऱ्यांची क्षेत्रे लहान व विखुरलेली असतात, आणि तेथील कित्येक जीव अन्यत्र जगू शकत नाहीत. म्हणूनच उत्खननापूर्वी तेथील जीवसृष्टीची पुरती पाहणी होणे आणि जिवंत झऱ्यांना हात न लावणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.