हुकूम कुणाचा, होकार कुणाचा?

मैत्रिणींनो, आजचा विषय पाहून काहीजणी हे पान चटकन उलटतील, तर काहीजणी दार लोटून घेऊन वाचतील. दोघींनाही माझं सांगणं एकच, शेवटपर्यंत वाचा.

झालं असं, की गेल्या दिवाळीत माझी भाची दोन दिवस राहायला आली होती. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. रात्री फराळाचे डबे भरता भरता ती खालमानेनं म्हणाली, "मावशी, ह्यांना कधीकधी वाटतं, की माझे हात बांधावेत आणि ते म्हणतील तसं मी वागावं. तसे वाईट नाहीत गं ते. पण हे काही वेड्यासारखं नाही ना? आणि मला नकोसं वाटलं तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. महत्त्वाचा होता तो दुसरा.

हा प्रकार तरी काय?

बीडीएसएम हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द. बांधणं, शिस्त लावणं, एकानं हुकूम सोडणं आणि दुसऱ्यानं तो पाळणं, थोडी वेदना देणं-घेणं असं सारं त्यात येतं. दोन सज्ञान माणसं आधी मोकळेपणी बोलून ठरवतात, की अमुक वेळापुरती एकानं सूत्रं हाती घ्यायची आणि दुसऱ्यानं ती सोपवायची. बाईच नेहमी शरण जाते असंही नाही बरं का! पुष्कळदा उलट असतं. दिवसभर दहा माणसांचे निर्णय घेणाऱ्याला घटकाभर कसलाच निर्णय नको असतो. कुणाला विश्वास टाकण्यातच सुख वाटतं.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात शृंगारातल्या नखक्षतांवर, दंतक्षतांवर आणि प्रहारांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पण त्यानं इशाराही दिला आहे. कुंतल देशाचा सातवाहन राजा शातकर्णी याच्या अशाच प्रहारानं राणी मलयवतीचा जीव गेला, हे उदाहरण त्यानं नावानिशी नोंदवलं आहे. आवेगात भान सुटतं, हे त्या ऋषीलाही ठाऊक होतं.

वेडेपणाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 पासून लागू केलेल्या रोगसूचीत सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या अशा आवडीला आजार मानलेलं नाही. संमती नसलेल्या माणसाला छळण्याची ओढ मात्र आजारातच धरली आहे. सगळा फरक आहे तो त्या संमतीचा.

एक करार आणि एक संसार

हा फरक समजायला एक खरीखुरी हकीकत सांगते. लेओपोल्ड फॉन झाखर-मासोख नावाचा एक ऑस्ट्रियन लेखक होता. स्त्रीच्या हुकमतीखाली राहण्याची त्याला विलक्षण ओढ. क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञानं पुढे त्याच्याच नावावरून 'मॅसोकिझम' हा शब्द रूढ केला.

डिसेंबर 1869 मध्ये या लेखकानं फॅनी पिस्टर या बाईशी चक्क लेखी करार केला. सहा महिने तो तिचा गुलाम होणार होता. पण कराराची कलमं पाहा! तिनं त्याला अब्रू जाईल असं काही करायला सांगायचं नाही. त्याच्या कामासाठी रोज सहा तास मोकळे ठेवायचे. त्याची पत्रं वाचायची नाहीत. आणि सहा महिने संपले, की हे घडलंच नाही असं दोघांनी समजायचं. म्हणजे गुलामीलाही कुंपण होतं, मुदत होती, आणि ती दोघांनी मिळून ठरवली होती.

1873 मध्ये त्यानं लग्न केलं. त्याच्याच कादंबरीतल्या नायिकेचं 'वांडा' हे नाव बायकोनं घेतलं. तिनं फरचा कोट घालावा, हातात चाबूक घ्यावा, आपल्याला मारावं, इतकंच काय, परपुरुषाशी संबंध ठेवावेत, असा त्याचा हट्ट. तिनं 1906 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिलं, की तिला हे सारं मनातून नको होतं. संसार टिकावा म्हणून ती करत राहिली. ही झाली तिची बाजू. पुढे ते विभक्तही झाले.

आता सांगा, यातलं शरण कोण होतं? चाबूक तिच्या हातात होता, पण हुकूम त्याचा चालत होता. नवऱ्याचे पाय धरणारी बाई स्वखुशीनं खेळत असू शकते, आणि चाबूक धरणारी बाई रोज मन मारत असू शकते. तेव्हा वरवर कोण कुणासमोर वाकलंय ते पाहू नका. 'नको' म्हणायची सोय कुणाला आहे ते पाहा.

इथं आपल्यासारख्यांची पंचाईत होते. गप्प बसण्यालाच होकार समजायचं, 'त्यांना राग येईल' म्हणून मान डोलवायची, ही आपल्याला लहानपणापासून लागलेली सवय. पण सोसणं वेगळं आणि सोपवणं वेगळं. सोपवलेली गोष्ट परत मागता येते.

पाळायचे नियम

आवड दोघांचीही असेल, तरी या गोष्टी सोडू नका:

1. बोलणं आधी, तेही दिवसाउजेडी आणि शांतपणे. काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, हे दोघांनीही सांगायचं.

2. एक खुणेचा शब्द ठरवा. 'लाल' म्हटलं की सारं तत्क्षणी थांबलंच पाहिजे, 'पिवळा' म्हटलं की सावकाश. तोंडानं बोलता येणार नसेल तर हाताची खूण ठरवा. का थांबवलंस, असा जाब विचारायचा नाही.

3. गळ्याला हात नाही, दोरी नाही, ओढणीही नाही. गळा आवळण्याची कुठलीही पद्धत सुरक्षित नाही.

4. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नये. कात्री हाताशी असावी. बोटं बधिर किंवा थंडगार पडली, तर लगेच सोडवावं.

5. दारूच्या नशेत किंवा भांडणाच्या रागात हे कधीच नाही.

6. नंतर जवळ घ्यावं, पाणी द्यावं, विचारपूस करावी. एखाद्याला त्यानंतर रडूही येतं.

7. काल हो म्हटलं, म्हणून आज हो म्हटलंच पाहिजे असं नाही.

आणि एक शेवटचं. खुणेचा शब्द उच्चारूनही तो थांबत नसेल, नकार दिल्यावर मारहाण, अबोला, पैसे बंद करणं, माहेरी पाठवण्याची धमकी असं काही होत असेल, तर तो खेळ नव्हे. तो छळ आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात लैंगिक छळही येतो, आणि तो पत्नीलाही लागू आहे. 181 या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "एकदा 'नको' म्हणून बघ. पुढचं आपोआप कळेल." संक्रांतीला तिचा फोन आला. हात बांधायला तिनं सरळ नकार दिला होता. जावईबापू दोन दिवस जरा घुम्यासारखे होते म्हणे. तिसऱ्या दिवशी रात्री त्यांनीच विचारलं, "बरं, मग तुला काय आवडेल?"

"वर्षभरात पहिल्यांदा विचारलं गं त्यांनी," भाची म्हणाली. तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.