छोट्या हत्तीची वीस वर्षे आणि आजऱ्यातला जुना पिकअप

टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, मे २००५ मध्ये बाजारात आली. २०२५ मध्ये तिला वीस वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत जुन्या गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावरचा जीएसटी अशा गाड्यांसाठी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात घनसाळ भात, काजू, खत आणि वैरण यांची ने-आण बारमाही नसते. ती पेरणीआधी आणि सुगीत एकदम अंगावर येते. भाड्याचा टेम्पो नेमका तेव्हाच मिळत नाही आणि अधूनमधूनच्या ओझ्यासाठी नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत. अशा घराला जुना पिकअप हाच आधार. या वीस वर्षांत तो घेणे आधी सोपे झाले आणि मग पुन्हा अवघड होत गेले.

२००५ पूर्वीची हकिगत थोडकी आहे. बैलगाडी, एसटीच्या टपावरची पोती, बजाज टेम्पोची तीनचाकी आणि १९८६ नंतर टाटा ४०७. ४०७ ही व्यापाऱ्याची गाडी. दोन-तीन एकरवाल्याच्या दारात ती उभी राहणे शक्य नव्हते. मालवाहू तीनचाकी स्वस्त होती, पण भरल्या ओझ्याने आंबोली घाट चढणे तिचे काम नव्हते.

२००५ ते २०१५ या दशकाने हे चित्र पालटले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने एस घडवली. इंडिकाचे चार सिलिंडरचे इंजिन निम्मे करून ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन तयार झाले. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास आणि वाहनक्षमता ७५० किलो. इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नव्हतेच, म्हणून तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही फिटर ते खोलून जोडू शकत असे. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही, हाही मोठा दिलासा होता. पुढे २०१० मध्ये महिंद्राची मॅक्सिमो आणि २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. बोलेरो पिकअप होतीच. पहिले मालक मोठ्या गाडीकडे वळले आणि त्यांच्या सुटलेल्या गाड्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आल्या.

या दशकाचे नुकसानही विसरता येत नाही. ७५० किलो म्हणजे सिमेंटची पंधरा पोती. तरी विकताना दुप्पट ओझ्याची भलामण झाली, पाटे वाढवून दिले गेले आणि घाटरस्त्यावर चासी वाकल्या. हप्ते थकलेल्या गाड्या ओढून नेल्या गेल्या आणि मालकाच्या हाती काही उरले नाही. परवान्यावर व्यापारी वाहनाचा बॅज नाही म्हणून विम्याचे दावे अडवले गेले. हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाली काढला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एकूण वजन ७,५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवायला हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो. इतकी साधी गोष्ट ठरायला इतकी वर्षे लागावीत, हा लहान माणसावर झालेला अन्यायच होता.

त्यानंतरचा काळ चढत्या खर्चाचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष लागू झाले. हवा स्वच्छ राहायला ते हवेच होते, पण गाडी सेन्सरवर गेली आणि दुरुस्तीला स्कॅनर लागू लागला. ज्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर आहे, त्या गावातल्या गावात, थोड्या अंतरावर फिरल्या की तो चोंदतो. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांच्या पासिंगचे शुल्क अनेक पटींनी वाढले. रोज धावणारी गाडी आणि महिन्यातून चारदा निघणारी गाडी यांत हे शुल्क फरक करत नाही. खरा मार बसतो तो इथे.

आजच्या निवडीचे गणित यावरून बसते. कधीमधीच्या हलक्या ओझ्याला २०२० पूर्वीची, पण १५ वर्षांच्या बरीच आतली डिझेल गाडी सोयीची. त्यानंतरची हवी असेल तर पेट्रोल बरी. दर ठरवताना एक किंमत ध्यानात ठेवावी. जून २०२५ मध्ये आलेल्या नव्या एस प्रोची सुरुवातीची शोरूम किंमत ३ लाख ९९ हजार होती. जुनी गाडी या आकड्याच्या जवळ जात असेल तर ती महागच. जनावरे किंवा टनभर माल न्यायचा असेल तर बोलेरो पिकअप घ्यावी. मात्र तिची काही मॉडेल ३,००० किलोंच्या आत आहेत आणि काही वर, म्हणून आरसीवरचे एकूण वजन वाचावे.

पाहणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. सुरू करताच निळा धूर सुटला आणि तो थांबेना, तर इंजिन ऑइल जाळते आहे. हौद्याखाली वाकून चासीवर वेल्डिंगचे सांधे आणि जादा पाटे शोधावेत. दोन्ही जादा ओझ्याची साक्ष देतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण चिरतो. कोल्हापूर-सांगलीचा ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर लक्षात ठेवून सीटखाली, दिव्यांच्या काचेत आणि वायरिंगच्या जोडांत गाळाचा थर आहे का, हेही पाहावे.

शेवटी कागद. पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. ते संपलेले असेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा ३५ नंबरचा फॉर्म घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. संकेश्वर, बेळगाव किंवा गोव्याकडची गाडी असेल तर ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर यांचा हिशेब आधी करावा. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा नव्या नावावर करण्यासाठी आणि राज्यातली गाडी असेल तर ३० दिवसांत आरसीसाठी अर्ज द्यावा. तोवर गाडी मालावर काढू नये.